चित्र सुरतेचे नव्हे, गोवळकोंड्याचे

पूर्वपक्ष आधी नीट मांडावा आणि मग त्याला हात घालावा, ही शास्त्रार्थाची रीत. नाशिकमध्ये ती कुणाला शिकवावी लागत नाही. म्हणून आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्याच बाजूने, पदरचा शब्द न घालता.

शिवजयंती जवळ आली, वाकडी बारवेपासून निघणाऱ्या मिरवणुकीची तयारी सुरू झाली, की स्मरणिकांत, फलकांवर आणि मोबाइलच्या संदेशांत एक मजकूर फिरू लागतो. तो असा: १६६४ साली सुरतेच्या स्वारीत महाराजांची आणि तिथल्या डच वखारीचा गव्हर्नर व्हॅलेंटाइन याची भेट झाली. व्हॅलेंटाइनने आपल्या चित्रकाराकडून महाराजांचे चित्र समोरासमोर काढून घेतले. पुढे ते वा. सी. बेंद्रे यांनी शोधून काढले आणि १९३३ साली महाराष्ट्रापुढे ठेवले. तोवर भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून चालत होते. सबब, महाराजांचे एकमेव अस्सल चित्र हेच.

दुसरा पूर्वपक्ष शिकल्यासवरल्या मंडळींचा आहे. तो फलकावर येत नाही, पण व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी हमखास ऐकू येतो. त्यांचे म्हणणे असे की युरोपातले छापचित्रकार पूर्वेकडच्या राजांची चित्रे मनानेच रचत. चीनच्या बादशहाला त्यांनी काय काय रूपे दिली ते पाहा. शिवाजीच्या चित्राची कथा वेगळी कशाला असेल? ज्याने राजा पाहिला नाही त्याने काढलेले चित्र, त्यावर विश्वास तो काय ठेवायचा?

माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत, आणि गमतीची बाब ही की दोघांची चूक एकच आहे.

पहिल्या पक्षाचा निकाल एका जन्मतारखेत लागतो. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन हा हॉलंडमधल्या डोर्ड्रेख्त गावी १७ एप्रिल १६६६ रोजी जन्मला. सुरतेवर पहिली स्वारी झाली ती जानेवारी १६६४ मध्ये. म्हणजे ज्याने महाराजांना समोर बसवून चित्र काढवून घेतले असे आपण सांगतो, त्याच्या जन्मालाच तेव्हा दोन वर्षांहून अधिक अवकाश होता. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले, त्या दिवशी हा गृहस्थ तेरा वर्षांचा पोर होता. तो गव्हर्नर नव्हता आणि व्यापारीही नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला तो पाद्री, आणि त्याची चाकरी झाली आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटाकडे. १६६४ मध्ये सुरतेच्या डच वखारीचा प्रमुख होता डिर्क व्हॅन ॲड्रिचेम. त्याचा हुद्दा डायरेक्टरचा, गव्हर्नरचा नव्हे.

मग व्हॅलेंटाइन सुरतेत आला कुठून? मायदेशी परतल्यावर त्याने पूर्वेकडच्या डच वसाहतींवर एक अवाढव्य ग्रंथ लिहिला. नाव ‘जुने आणि नवे ईस्ट इंडीज’. १७२४ ते १७२६ या काळात तो डोर्ड्रेख्त आणि ॲम्स्टरडॅम इथून निघाला. पाच भाग, आठ जाडजूड खंड. त्याच्या चौथ्या भागात सुरतेचे वर्णन आहे आणि त्याला लागूनच मुघल बादशहांची चरित्रे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांसह. महाराजांचे छापचित्रही याच ग्रंथातले. चित्राखाली डच मजकूर, शेजारी सुरतेचे प्रकरण, मुखपृष्ठावर व्हॅलेंटाइनचे नाव. या तिन्हींची सरमिसळ होऊन ग्रंथकाराचा वखारवाला झाला असावा, हा माझा तर्क. तर्क चुकीचा ठरला तरी जन्मतारीख बदलत नाही.

नाशिककरांना सुरतेची गोष्ट विशेष प्रिय असण्याला कारण आहे. १६६४ च्या स्वारीआधी महाराज नाशिक-त्र्यंबकच्या यात्रेला निघाल्याची हूल उठवली गेली, असे सांगतात. १६७० च्या दुसऱ्या स्वारीहून परतताना तर मुघल सरदार दाऊदखानाशी सामना झाला तो आपल्याच वणी-दिंडोरीजवळ. सुरतेचा रस्ता आपल्या अंगणातून जातो म्हणून तिथल्या चित्राचाही आपल्याला लळा लागावा, हे समजण्यासारखे आहे. पण त्या जानेवारीतले सुरतेचे दिवस डोळ्यांपुढे आणून पाहा. शहर पेटलेले. किल्ल्यात दडून बसलेल्या मुघल सुभेदार इनायतखानाचा वकील बोलणी करायला म्हणून आला आणि त्याने महाराजांवरच शस्त्र चालवले. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज वखारीचा माणूस छावणीत कैदेत पडलेला. मुक्काम जेमतेम चार-पाच दिवसांचा, आणि मुघल फौज केव्हाही येण्याची धास्ती. अशा वेळी सेनापती एखाद्या फिरंग्यापुढे तासन्‌तास स्थिर बसून चित्र काढू देईल? तो दुसऱ्या कुणाचा स्वभाव असेल, शिवाजी महाराजांचा नव्हे.

सुरतेतून त्या दिवसांचे एक चित्र मात्र खरोखर निघाले, पण ते शब्दांचे. इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलियट याने त्याच महिन्यात इंग्लंडला सर थॉमस ब्राऊन यांना पत्र लिहिले आणि ज्यांनी महाराजांना पाहिले त्यांच्याकडून ऐकलेले वर्णन त्यात दिले: उंची बेताची, बांधा रेखीव, बोलताना हसल्यासारखा चेहरा, नजर तीक्ष्ण, वर्ण त्यांच्या लोकांत उजळ. दोन वर्षांनी सुरतेत आलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो उंचीबद्दल आणि डोळ्यांबद्दल तेच सांगतो, पण रंग सावळा म्हणतो. दोघांनीही ऐकीव लिहिले. तरी बेताची उंची आणि चपळ डोळे या दोन गोष्टी दोघांत जुळतात, आणि पुढे चित्रांकडे वळताना त्या हाताशी ठेवण्याजोग्या आहेत.

आता दुसरा पक्ष. चीनचा दाखला ते देतात, तो खोटा नाही. आथानासियस किर्चर या जेझुइट पंडिताने १६६७ साली ‘चायना इलुस्ट्राटा’ छापला. त्यात हातात दंड, पायाशी कुत्रा अशा थाटात उभा चीनचा बादशहा आहे. किर्चरने तो रोममध्ये बसून छापवला. चीनचे तोंडही त्याने कधी पाहिले नव्हते. डच वकिलातीबरोबर पेकिंगला गेलेला योहान न्यूहॉफ निदान तिथवर पोचला होता. पण ऑक्टोबर १६५६ च्या दरबारात वकिलांना बादशहाचा चेहरा धड दिसलाही नाही. १६६५ साली ॲम्स्टरडॅमच्या याकोब व्हॅन म्यूर्सने त्याचे पुस्तक काढले, त्याच्या मुखचित्रात मात्र बादशहा पृथ्वीच्या गोलावर हात ठेवून बसला आहे आणि पायथ्याशी बेड्या घातलेले कैदी आहेत. न्यूहॉफचे हस्तलिखित आणि त्यातली साधीसुधी रेखाटने १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये सापडली, तेव्हा प्रकाशकाच्या कारागिरांनी पदरचे किती घातले ते उघडच झाले. शंभर वर्षांनंतरही फार फरक पडला नव्हता. १७९३ च्या इंग्रजांच्या मॅकार्टनी वकिलातीचा चित्रकार विल्यम अलेक्झांडर याला पेकिंगातच ठेवून वकील बादशहाच्या भेटीला जेहोलला गेला. तरी जेहोलच्या तंबूकडे निघालेल्या बादशहाच्या स्वारीचे चित्र अलेक्झांडरच्याच नावावर आहे. दुसऱ्याच्या टिपणांवरून त्याने ते उभे केले.

इतक्या दूर जायलाही नको. १७९० साली पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट आणि पेशवे यांच्यात तह झाला. त्या दरबाराचे थॉमस डॅनियलचे भव्य तैलचित्र लंडनला १८०५ मध्ये लोकांपुढे आले आणि पुढे त्यावरून छापही निघाले. डॅनियल त्या दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्याने ते चित्र रंगवले तो जेम्स वेल्ससुद्धा पुण्यात आला १७९२ मध्ये, तह उरकल्यावर. पण वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना प्रत्यक्ष पाहून रंगवले होते. म्हणजे प्रसंग रचलेला आणि चेहरे पाहिलेले! एकाच चित्रात खरे-खोटे असे शेजारी शेजारी बसलेले असते. सगळे झूट म्हणून हात झटकणाऱ्यांना ही निवड करण्याचे कष्ट नको असतात, दुसरे काय.

तेव्हा परीक्षा कोणती लावायची? छाप कुणी काढला हे दुय्यम. छापामागच्या मूळ चित्राला राजाचा चेहरा पाहिलेला डोळा होता का, हे विचारायचे. किर्चरच्या बादशहामागे असा डोळा नाही. व्हॅलेंटाइनच्या शिवाजीमागे तो असण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि तो डोळा डचाचा नाही, दखनी माणसाचा आहे.

व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातली बादशहांची छापचित्रे ज्या लघुचित्रांवरून कोरली गेली, ती ॲम्स्टरडॅमच्या सिमॉन स्खाइनफूट या संग्राहकाकडची होती. अशी लघुचित्रे तेव्हा हॉलंडात दुर्मीळ नव्हती. खुद्द रेम्ब्रांने १६५० च्या दशकाच्या अखेरीस मुघल लघुचित्रे पुढ्यात ठेवून वीसहून अधिक रेखाटने केली. त्यांतली बरीचशी आजही युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आहेत. पुढच्या पिढीत ॲम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विट्सन याच्याकडे हिंदुस्थानी राजेरजवाड्यांच्या चित्रांची एक वहीच होती. आज ती तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. तिच्यात मुघल शहजादे आहेत, विजापूर-गोवळकोंड्याचे सुलतान आहेत, आणि शिवाजी महाराजही आहेत. ही वही गोवळकोंड्यात, १६८६ च्या सुमारास तयार झाली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच घराण्यातले महाराजांचे आणखी एक चित्र आहे. त्यावरच्या डच नोंदीत त्यांना होऊन गेलेला मराठा राजा म्हटले आहे. नोंद १६८० नंतरची, हे उघड आहे.

हे गोवळकोंड्याचे काम म्हणजे धंदा होता, हे मान्य केले पाहिजे. मछलीपट्टणला डचांची वखार, त्यांच्या मागणीप्रमाणे राजांचे संच तयार होत आणि जहाजातून रवाना होत. चित्रकाराकडे चरबा असे, म्हणजे बाह्यरेषेवर टोचलेली भोके असलेले पातळ कातडे. कोळशाची पूड त्यावरून फिरवली की खालच्या कागदावर ठिपक्यांची आकृती उमटते. एका चरब्यावरून दहा शिवाजी निघत. पण पहिला चरबा कुणीतरी कुणाला तरी पाहून केलेला असतोच.

आणि पाहण्याची संधी होती. १६७७ च्या आरंभी, दक्षिण दिग्विजयाला निघताना, महाराज भागानगरात, म्हणजे गोवळकोंड्याच्या राजधानीत, गेले. अबुल हसन कुतुबशहाने त्यांचे स्वागत केले, मादण्णा-आकण्णांनी व्यवस्था ठेवली, मुक्काम महिनाभर झाला. शहर सजले होते, स्वारी रस्त्यांतून मिरवत गेली. सुरतेतल्या जळत्या चार दिवसांच्या तुलनेत हा निवांत महिना चित्रकाराच्या किती सोयीचा! राजाला समोर बसवण्याचीही गरज नव्हती. दखनी आणि मुघल चित्रकार दरबारात, मिरवणुकीत पाहून चेहरा मनात धरत आणि घरी येऊन उतरवत. त्याच गावात नऊ-दहा वर्षांनी राजांच्या संचात महाराजांची आकृती सापडते. हा योगायोग नसावा.

आकृतीची घडणही तेच सांगते. या लघुचित्रांत चेहरा एकचष्मी आहे, म्हणजे एका बाजूने, एकच डोळा दिसणारा. बाकदार नाक, मोठा डोळा, टोकाशी निमुळती होणारी दाढी, पागोट्यावर तुरा. राजाला असे एका बाजूने दाखवणे ही आपल्याकडच्या दरबारी चित्रकलेची शिस्त. त्या काळचा डच चित्रकार एखाद्याला समोर बसवून रंगवता, तर बहुधा चेहरा थोडा वळवून दोन्ही डोळे दाखवता आणि उजेड एका बाजूने पाडता. सुरतेच्या गोष्टीतला तो कल्पित डच चित्रकार आपल्या हाताची सवय सोडून गोवळकोंड्याच्या सवयीने का रंगवील?

दुसरा साक्षीदार तर अगदी वेगळ्या घरचा आहे. निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या गृहस्थाने १६८६ च्या आधी, शहाआलम शहजाद्याच्या पदरी असलेल्या मीर मुहंमद या चित्रकाराकडून राजे आणि सरदार यांची चित्रे काढून घेतली. हा संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातले महाराज घोड्यावर आहेत, सभोवार पायी चालणारे लोक. चेहरा पुन्हा एकचष्मी, दाढी पुन्हा तशीच. कुणी म्हणेल, मीर मुहंमदानेही कुठला तरी चरबाच वापरला असेल. वापरला असेलही. पण मनुची हा ऐकीवावर विसंबणारा माणूस नव्हता. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत त्याने महाराजांना पाहिले होते, त्यांच्याशी बोलला होता. पैसे मोजून घेतलेल्या चित्रात भलताच चेहरा असता तर त्याने तो ठेवून घेऊन युरोपला पाठवला असता का? मनुचीच्या लिखाणात थापा आहेत, त्या इतिहासकारांनी पकडल्याही आहेत. तरी या एका बाबतीत त्याचे डोळे आपल्या कामाचे आहेत.

मग छापचित्रकाराने काय केले? नुकसान केले, पण मर्यादित. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघ खोदायची, तीत शाई भरायची, वरचा पत्रा पुसायचा आणि ओलसर कागद दाबून काढायचा. उजवे-डावे या प्रक्रियेत उलटे होते. आपल्या तांबट लेनमधल्या भांड्यावर नाव घालणाऱ्याला हे नवे वाटेल, पण शिक्का कोरणाऱ्याला ते रोजचेच. लघुचित्रात सपाट रंग असतो, छाया नसते. कोरणाऱ्याला रंग नाही, त्याच्याकडे फक्त रेघांची जाळी. म्हणून तो गालावर, मानेवर छाया घालतो आणि चेहरा थोडा युरोपी होऊन बसतो. व्हॅलेंटाइनचा छाप पाहून ‘हे फिरंगी काम’ असे जे वाटते ते या जाळीमुळे. ती नजरेआड केली की खाली गोवळकोंड्याची रेषा शाबूत आहे.

दोन्ही पक्षांची सामाईक चूक मी आधी म्हटली ती हीच. भाविकाला चित्र खरे ठरवायला गोरा गव्हर्नर लागतो. संशयवाद्याला ते खोटे ठरवायलाही गोरा कारागीरच पुरतो. मधला दखनी चित्रकार दोघांच्याही हिशेबात नाही.

बेंद्र्यांचे श्रेय याने तसूभरही कमी होत नाही. भलत्या माणसाचे चित्र भिंतींवरून उतरवून गोवळकोंडी परंपरेतला चेहरा त्यांनी मराठी माणसापुढे आणला, आणि तो चेहरा बरोबर होता. चूक त्यांच्यानंतर गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांची. ‘एकमेव’ हा शब्दही सोडावा लागेल. लंडन, ॲम्स्टरडॅम आणि पॅरिस इथे मिळून जुनी चित्रे एकाहून अधिक आहेत, आणि ती एकमेकांना दुजोरा देतात हेच त्यांचे बळ. एकट्या चित्राला साक्षीदार नसतो.

आणखी एक शंका राहते. महाराजांनी स्वतः आपले चित्र काढवून घेतले असेल का? अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत किंवा एखाद्या जुन्या सराफाकडे शिवराई हातात घेऊन पाहा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. चेहरा नाही. चीनच्या बादशहांच्या नाण्यांवरही अक्षरेच असत. ज्या राज्यांत सत्ता अक्षरांनी मिरवत होती, तिथल्या राजाचा चेहरा बाहेरच्यांना हवासा वाटला आणि त्यांनी तो बाजारात जाऊन विकत घेतला. इंग्रज इतिहासकार ओर्मच्या १७८२ च्या पुस्तकातला शिवाजी काय, आपल्याकडच्या चित्रशाळेचे आणि रविवर्मा छापखान्याचे शिवाजी काय, सगळे त्यानंतरचे. रविवर्मा छापखान्यात काम केलेले आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळके यांना मूळ आणि नक्कल यांतला फरक चांगलाच ठाऊक असणार. आपण मात्र तो सोयीने विसरलो.

गोवळकोंड्यातल्या त्या चित्रकाराचे नाव आपल्याजवळ नाही. मीर मुहंमदाचे नाव राहिले ते मनुचीने लिहून ठेवले म्हणून. डॉ. बाळकृष्णांनी कोल्हापुरात बसून हेगच्या डच कागदपत्रांचा शिवचरित्रासाठी उपयोग केला, त्याला आता नव्वदएक वर्षे झाली. मछलीपट्टण आणि गोवळकोंड्याच्या वखारींचे दप्तर आजही हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. नाशिकमधून आज जर्मन, जपानी शिकून मुले परदेशी जातात. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी सतराव्या शतकातली डच लिपी वाचायला शिकावे आणि १६७७ ते १६८७ या दहा वर्षांचे तिथले कागद चित्रांच्या खरेदीसाठी चाळावेत. तेवढा खर्च शिवजयंतीच्या एखाद्या मंडळाने उचलावा, अशी माझी मागणी आहे.